मासा, पाच आणि मी

पहिलीत पाटीवर क, ख, ग, घ गिरवून झालं की शेवटी ङ यायचा. अंकलिपीत बाकीच्यांच्या चौकटीत कमळ, खटारा, गणपती, घर. याची चौकट रिकामी. "याला कोणीच नाही का?" असं मी विचारलं होतं म्हणे. बाई म्हणाल्या, "तो नुसता लिहायचा असतो." पुढे कधीतरी 'वाङ्मय' भेटलं, पण तिथेही बिचारा मधोमध चेपून बसलेला. शब्दाच्या दारात ताठ उभा असलेला ङ मला दिसला तो थेट तिशी ओलांडल्यावर, थायलंडच्या चियांग माईत, ऑफिसच्या मागच्या जिन्यावर.

त्या जिन्यावर दुपारी चारला आम्ही दोघी नारिंगी रंगाचा, दात शिवशिवतील इतका गोड थाई चहा प्यायचो. ती म्यानमारच्या काचिन राज्यातली. एकदा मासळीबाजारावरून बोलणं निघालं आणि ती म्हणाली, "बर्मीत माशाला ङा म्हणतात. पाचलाही ङाच." दोन्हींत तसूभर फरक नाही, लिहायलाही एकच. आवाज खाली आणून सपाट ठेवला की ङा म्हणजे 'मी'. मी रत्नागिरीची. 'मी', 'मासा', 'पाच' एवढ्या भांडवलावर माझा बाजार उरकेल, असं म्हटल्यावर ती कठडा धरून हसली. (हा 'मी' फक्त सलगीतला, परक्या कोळणीपुढे वापरायचा नसतो, हे तिने नंतर सांगितलं. तोवर मी वापरून आले होते.) बर्मी वर्णमालाही क, ख, ग, घ, ङ अशीच सुरू होते. तीही ब्राह्मीचीच लेक. आपल्याकडे ज्याच्या चौकटीत चित्र नाही, त्याच्याकडे तिथे माणूस, मासा आणि आकडा असं भरलं घर.

मग तिने बोटांवर आकडे मोजून दाखवले, तीन भाषांत. बर्मीत तीनला 'थोन', जिंगफोत 'मसुम', झायवात 'सुम'. ऐकताना तिन्ही एका मुशीतले वाटतात. पण आठवर आल्यावर मी तिला थांबवलं. बर्मीत 'शित्', शेवटचा त गिळून टाकलेला. झायवात 'शित'. आणि जिंगफोत 'मत्सत'. मला यातलं शास्त्र काही कळत नव्हतं, पण कानाला एवढं कळलं की झायवा बर्मीच्या अंगाने बसली आहे आणि जिंगफो जरा लांब.

"तू काचिन ना?"

"हो."

"मग तुझी भाषा काचिन."

"तशी एक भाषा नाही. चर्चमध्ये जिंगफो, शाळेत बर्मी. वडिलांची झायवा, म्हणून माझी झायवा. आई जिंगफो बोलायची. आई जिंगफोत विचारायची, वडील झायवात उत्तर द्यायचे. जन्मभर कोणी कोणाची भाषा घेतली नाही."

"भांडणं?"

"ती दोन्हींत."

मग तिने विचारलं, "तुझी?" मी म्हटलं, "मराठी." "घरी पण तीच?" "घरी पण तीच," मी म्हटलं, आणि कप उचलून आत गेले. ते उत्तर मी फार पटकन दिलं.

तिच्या त्या आठामागचं कोडं मात्र मला सोडवेना. काचिन म्हणवणारे लोक एकमेकांत सोयरीक करतात, सण एकत्र करतात, स्वतःला एक मानतात. पण त्यांतल्या झायवा, ल्हाओवो, लाचिद बोलणाऱ्यांच्या भाषा बर्मीच्या सख्ख्या चुलत बहिणी आहेत आणि जिंगफो वेगळ्याच फांदीवरची. म्हणजे नातं माणसांचं एक सांगतं आणि शब्दांचं दुसरं. सीमेपलीकडे चीनमध्ये तर या सगळ्यांना सरकारी नाव 'जिंगफो' असं आहे (चिनी उच्चारात 'जिंगपो'), आणि गंमत म्हणजे तिथल्या त्या जिंगफोंत झायवा बोलणारेच जास्त.

झायवा ज्या घराण्यातली, त्याला भाषाशास्त्रात लोलो-बर्मी म्हणतात. चिनी-तिबेटी या प्रचंड कुळातली ही एक शाखा. तिला दोन फांद्या. एकीवर बर्मी, जी तीन कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा आहे, देशाची राजभाषा आहे आणि म्यानमारमधल्या बागानच्या म्याझेदी शिलालेखात बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून लिहिलेली सापडते. तो शिलालेख चार भाषांतला: पाली, मोन, प्यू आणि बर्मी. त्यातली प्यू आज कोणीच बोलत नाही. तिची अक्षरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच दगडावरून लावली गेली. दुसरी फांदी लोलो. तिच्यावर पन्नास भाषा आहेत की शंभर, हे मोजणाऱ्यावर अवलंबून. चीनचे युनान आणि सिच्वान प्रांत, व्हिएतनाम, लाओस, थायलंड, म्यानमार अशा डोंगरांत त्या विखुरलेल्या आहेत. काही लाखो लोकांच्या, काही एका गावाच्या, काही तीन-चार म्हाताऱ्यांच्या.

'लोलो' हे नाव त्या लोकांनी स्वतःला घेतलेलं नाही. बाहेरच्यांनी दिलेलं, आणि तेही हिणवून. जुन्या चिनी लिखाणात ते लिहिताना अक्षराला कुत्र्याची खूण जोडत, जनावरांच्या नावांना जोडतात तीच. चिनी राज्यकर्ते त्यांना 'यी' असंही म्हणत, पण त्या यीचा अर्थ रानटी. १९५०च्या दशकात उच्चार तोच ठेवून अक्षर बदललं गेलं. नवं यी म्हणजे पूजेचं एक प्राचीन भांडं. त्या अक्षराच्या पोटात तांदूळ आणि रेशीम आहे, म्हणजे या लोकांना खायला-ल्यायला मिळो, अशी ती निवड खुद्द माओंनी सुचवली असं सांगतात. अक्षर सुंदर आहे यात वाद नाही. पण नाव तरीही बाहेरूनच आलं. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॅडली 'लोलो' टाकून 'ङ्वी' म्हणतात. या लोकांच्या जुन्या स्वनामाची त्यांनी केलेली ती पुनर्रचना. पुन्हा ङ! अंकलिपीच्या त्या रिकाम्या चौकटीत आता मी एक अख्खं भाषाकुळ बसवू शकते.

यादी करायची वेळ आली की काय होतं, याचा मोठा खेळ १९५४ साली युनानमध्ये झाला. त्याआधीच्या वर्षी चीनमध्ये शिरगणती झाली होती आणि लोकांना आपल्या जमातीचं नाव हवं ते सांगा म्हटलं होतं. लोकांनी सांगितलं. देशभरात चारशेच्या वर नावं जमली, त्यांतली दोनशेहून जास्त एकट्या युनानची. काही नावं सांगणारा तर एकेकच माणूस. लोकसभेत प्रत्येक जमातीचा प्रतिनिधी बसवायचा बेत होता, आणि चारशे खुर्च्या काही मांडता येत नव्हत्या. तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ आणि भाषातज्ज्ञांची एक तुकडी युनानला गेली आणि काही महिन्यांत ती दोनशे नावं पंचवीसेक कप्प्यांत बसवून परतली.

एवढ्या थोड्या वेळात हे जमलं कसं? इतिहासकार थॉमस मुलेनी यांनी ते कागद उकरून दाखवलंय की त्या तुकडीच्या डोक्यातला आराखडा आयता होता, आणि तो होता एच. आर. डेव्हिस नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा गृहस्थ हिंदुस्थानातून यांगत्सेपर्यंत रेल्वे नेता येईल का, हे बघायला युनानचे डोंगर तुडवत होता. रेल्वे झाली नाही. पण वाटेत ज्या-ज्या गावी मुक्काम पडला, तिथल्या शब्दांच्या याद्या त्याने केल्या आणि सारख्या दिसणाऱ्या शब्दांवरून माणसांची वर्गवारी लावली. १९०९ला पुस्तक निघालं. साम्राज्यवादाशी उभं वैर असलेल्या नव्या सरकारने साम्राज्याच्या सर्वेअरचीच वही समोर ठेवावी, यात मला कुचेष्टा करावीशी वाटत नाही. घाईत असलेला माणूस हाताशी असलेली पट्टी उचलतोच.

त्या कप्प्यांपैकी 'यी' हा सर्वांत फुगलेला. आज त्यात नव्वद लाखांवर माणसं आहेत. त्यातला सिच्वानमधला नोसू त्याच यीतल्या दक्षिण युनानच्या नीसूशी आपापल्या भाषेत बोलू लागला तर फार पुढे जाणार नाही. चिनीवर येतील दोघं. नोसूंच्या लिपीला १९८०मध्ये प्रमाणरूप मिळालं, ८१९ अक्षरांचं. शाळा, वर्तमानपत्र, रेडिओ मिळाले. पण त्याच कप्प्यात तळाशी पडलेल्या छोट्या भाषांना काय मिळालं? कागदोपत्री 'यी' भाषा सुखरूप आहे. आकडा लाखांचा आहे. त्या लाखांच्या आड एखादी भाषा शेवटच्या घरातून उठून गेली तरी आकडा हलत नाही.

उलटी गोष्ट जिनोंची. युनानच्या सिपसोंगपान्नातल्या चहाच्या डोंगरावरचे हे वीसेक हजार लोक. १९७९ साली त्यांना स्वतंत्र जमात म्हणून मान्यता मिळाली, चीनच्या यादीतली छप्पन्नावी आणि शेवटची. त्यानंतर दार बंद. 'जिनो'चा अर्थ मामाचे वंशज असा सांगितला जातो, आणि मामा म्हटल्यावर मराठी माणूस जरा विरघळतोच. त्यांना नाव मिळालं, यादीत ओळ मिळाली. तरी पोरं चिनीकडे वळायची ती वळतातच आहेत. म्हणजे नुसत्या ओळीने भागत नाही. पण ओळच नसली तर काय होतं, ते थायलंडमध्ये, मी राहत होते तिथून काही तासांवर, घडून गेलं होतं.

१९२०च्या दशकात आर्थर केर हा आयरिश डॉक्टर सयाममध्ये झाडं गोळा करत हिंडत होता. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनच तो नावाजला. पण झाडांची नावं विचारता विचारता त्याने माणसांचे शब्दही लिहून घेतले, आणि १९२७मध्ये दोन 'लावा' शब्दसंग्रह छापले. एक चियांग माईकडच्या डोंगरातला, दुसरा पश्चिमेकडच्या कांचनबुरीचा. दोन्हीकडच्या लोकांना थाई लोक 'लावा' म्हणत. रानातले, आधीपासूनचे, असा काहीसा त्या शब्दाचा वास. केरने शब्द शेजारी शेजारी ठेवले आणि भलतंच निघालं. पहिली भाषा मोन-ख्मेर कुळातली, ख्मेरच्या नात्यातली. दुसरीचा तिच्याशी काही संबंध नाही. ती बर्मीच्या घरची. एकाच पाटीखाली दोन अनोळखी भाषा. दुसरीचे लोक स्वतःला गोंग म्हणत. भाषेचं नाव आज उगोंग असं लिहितात. 'उ' म्हणजे माणूस.

उगोंगचं दुर्दैव असं की ती फार जुन्या वळणाची आहे. बहिणींनी झिजवून टाकलेली क्ल-सारखी जोडाक्षरं तिने जपून ठेवली. आजीच्या ट्रंकेत जशी आत्याने केव्हाच मोडून टाकलेल्या पाटल्यांच्या जोडीची एखादी सापडावी, तसं. म्हणूनच तिला कोणत्या फांदीवर बसवायचं यावर अजून एकमत नाही. एकमत व्हायला जी माणसं लागतात, ती दरम्यान पांगली. ब्रॅडली १९७०-८०च्या दशकांत तिथे काम करत होते तेव्हाच कित्येक गावांत फक्त म्हातारे बोलणारे उरले होते. शाळा थाई, सोयरिकी थाई आणि लाओ लोकांशी, गावाचा मुखिया बाहेरून येऊन वसलेला. त्यात क्वाय याई नदीवर वीजनिर्मितीसाठी श्रीनगरिंद धरण झालं, १९८०मध्ये. महायुद्धातल्या रेल्वेपुलामुळे जगाला ठाऊक झालेली तीच नदी. गोंगांची वस्ती पाण्याखाली गेली, घरं इकडेतिकडे उठली.

कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं आमच्या शाळेत होती. त्यांच्या बाबतीत निदान एवढं होतं की जिथे गेले तिथे मराठीच होती. गोंगांच्या प्रत्येक घराला नवा शेजार थाई मिळाला. बोलायला समोर माणूस लागतो, आणि समोर थाई माणूस आला की गोंग माणूस थाईत बोलणार. दोष कोणाचा? कोणाचाच नाही म्हणणं सोपं आहे, पण धरणाच्या कागदांत 'उगोंग' हा शब्द कुठून येणार? तिथले सगळे 'लावा'. आणि लावा तर आहेतच की, वर डोंगरात, हजारोंनी.

आता जरा कानांचं बोलते, कारण हे सगळं वाचत असताना मी एका भाषेच्या प्रेमात पडले. म्पी. थायलंडच्या फ्रे शहराजवळच्या बान दोंग या गावात ती बोलली जाते. बोलणारे हजाराच्याही आत. त्यांचे पूर्वज युनानच्या सिपसोंगपान्नातून आणलेले युद्धकैदी होते, असं मानलं जातं. ध्वनिशास्त्रज्ञ पीटर लॅडिफोगेड यांनी ध्वनिमुद्रित केलेलं तिचं एक उदाहरण भाषाशास्त्राचे विद्यार्थी जगभर ऐकतात. एकच अक्षर: सी. सहा सूर, आणि प्रत्येक सूर दोन प्रकारच्या गळ्याने, एकदा मोकळ्या, एकदा आवळलेल्या. बारा सी. त्यात रक्त आहे, कुजणं आहे, मरणं आहे, चार आहे, सात आहे, धूम्रपान आहे, दोन पुरुषांची नावंही आहेत.

मी हेडफोन लावून ते किती वेळा ऐकलं याला गणती नाही. आपल्याला 'चार आंबे' मधला चार आणि 'गुरं चार' मधला चार वेगळा ऐकू येतो, उत्तरेकडच्या हिंदीवाल्याला वर्षभर बसवलं तरी येत नाही. त्या हिंदीवाल्याची सगळी कणव मला म्पी ऐकताना आली. पहिले दोन आठवडे बाराही सी एकच. मग एके दिवशी रक्त आणि सात वेगळे झाले. दोन्हींचा सूर खालचा, सपाट. पण सात म्हणताना ध्वनिफितीवरच्या बाईंचा गळा किंचित चिमटतो, शब्द आतून दाबल्यासारखा येतो. तो चिमटा का, हे जिन्यावरच्या मैत्रिणीने नकळत सांगितलं होतं. तिच्या झायवात सात म्हणजे 'न्यित', शेवटी खणखणीत त. या घराण्याच्या मूळ सातलाही तो त होता. लोलो फांदीवर शब्दांच्या शेवटचे क, त, प शतकानुशतकं झिजत गेले, आणि जाताना गळ्यात वळ उठवून गेले. म्पी बोलणारी बाई सात म्हणते तेव्हा नसलेल्या त वर तिचा गळा अजून अडतो. भाषांची नाती अशा वळांवरून लावतात. बान दोंगची पोरं थाईतच सात म्हणू लागली, तर ती खूण पुसली जाईल. मग फक्त ध्वनिफितीवरच्या बाई राहतील.

रत्नागिरीकराने लोलो-बर्मीवर लिहावं आणि थिबा राजाला टाळावं, हे व्हायचं नाही. १८८५मध्ये इंग्रजांनी मंडालेच्या गादीवरून उतरवलेला थिबा पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६मध्ये इथेच वारला. त्याचा राजवाडा बांधून झाला १९१०मध्ये. माझ्या शाळेची सहल दरवर्षी तिथेच, कारण चालत जाता येई. त्या कुटुंबात रत्नागिरीत तीन दशकं बर्मी बोलली जात होती, आणि तीही राजघराण्याची, बोलण्याच्या शंभर रीतिरिवाजांची. बर्मी म्हणजे या कुळातली सर्वांत सुखवस्तू भाषा. राज्य, लिपी, ग्रंथ, सगळं असलेली. थोरल्या राजकन्येचं मन जडलं वाड्यावरच्या नोकरीतल्या गोपाळ सावंतांवर. त्यांची मुलगी टुटू. राजाच्या पश्चात कुटुंब ब्रह्मदेशी परतलं, थोरली मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली. टुटू रत्नागिरीची होऊन, संसार करून, मुलांनातवंडांत म्हातारी झाली. तिची भाषा मराठी. आजोबांची बर्मी तिच्याकडे आली नाही. कोटींची भाषासुद्धा एका घरातून एका पिढीत जाऊ शकते. तिला जायला धरण लागत नाही, समोर दुसरं कोणी बोलणारं नसलं की पुरतं.

हे मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती चहा ढवळत म्हणाली, "आणि तुमच्या देशात आमचे लिसू आहेत, ते माहिती आहे का?" मला माहिती नव्हते. अरुणाचलच्या चांगलांग जिल्ह्यात, नामदाफाच्या जंगलापलीकडे, विजयनगर आणि गांधीग्रामच्या भागात लिसू राहतात. भारताच्या सरकारी कागदांत त्यांचं नाव 'योबिन'. चीनमध्ये ते स्वतंत्र जमात, सात लाखांहून जास्त. म्यानमारच्या १३५ जमातींच्या यादीत ते काचिनच्या पोटात. तीन देश, तीन चौकटी, माणसं तीच. त्यांची लिपी मोठी झकास आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मिशनऱ्यांनी बसवलेली. रोमनची मोठी अक्षरं घेतली, आणि ती कमी पडली तेव्हा छापखान्यातले तेच खिळे उलटे लावले. टी सरळ आणि टी डोक्यावर. पैशाला पैसा वाचवणारी ही युक्ती कोणाही कोकण्याला पटेल.

आपल्या जनगणनेत लिसू शोधायला गेले तर सापडले नाहीत. १९७१पासून दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषा आपण नावानिशी छापत नाही. त्या 'इतर' मध्ये जातात. २०११मध्ये लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं भरली १९,५६९. ती छाननी करून १,३६९ मातृभाषांवर आणली गेली. आणखी १,४७४ नावं कुठेच बसली नाहीत. आणि शेवटी यादी १२१ भाषांची. युनानच्या त्या तुकडीला हसायची माझी हौस तो तक्ता बघून संपली.

तक्ता बघताना मला २०११चा फेब्रुवारी आठवला. मी सुट्टीला घरी होते. आंब्याला मोहोर होता, आणि प्रगणक म्हणून आलेले मास्तर ओटीवर बसून, मांडीवर फॉर्म घेऊन एकेक रकाना भरत होते. आजी संगमेश्वराकडची. ती जे बोलायची ते मला शाळेत बोलायची चोरी होती; बाईंनी दोनदा वर्गात उभं केल्यावर मी ते घरीही सोडलं होतं. मास्तर मातृभाषेच्या रकान्याशी आले. बाबांनी आतून आवाज दिला, "मराठी लिहा." आजी सुपारी कातरत होती. तिने मान वर केली.

"मास्तर, आमी बोलताव तीच लिवा."

"तीच लिहिली, आजी."

"लिवलीत ना?"

मास्तरांनी फॉर्म तिच्याकडे फिरवून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तिने बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं, आणि "चाय घेवन जावा," म्हणाली.